विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर: तीन देशांत फिरून इकॉनॉमिक्सचं मास्टर्स कसं करायचं

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आसपास मला मेसेज यायला लागतात, ताई ते युरोपातलं फिरतं मास्टर्स तू केलंस ना, स्कॉलरशिप कशी मिळते जरा सांग ना. आणि मी प्रत्येकाला तेच तेच टाइप करत बसते. म्हणून यावेळी एकदाच सगळं लिहून काढतेय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट्ट बसवा. ही डिग्री कागदावर दोन वर्षांची असली तरी जगायची असते सहा-सहा महिन्यांनी. प्रत्येक सहा महिन्यांत पहिला महिना घर, सिम, बँक, पोलीस यांत जातो, शेवटचा परीक्षा आणि सामान बांधण्यात, मधे अभ्यासाला उरतात जेमतेम चार आणि त्यातही पुढच्या देशाचा व्हिसा घुसलेला असतोच. ज्यांना हे तिथे गेल्यावर कळतं ते पहिलं सेमिस्टर रडत काढतात (मी त्यातलीच). ज्यांना घरी असतानाच कळतं त्यांचं बऱ्यापैकी निभावतं. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

हे आहे काय ते थोडक्यात. युरोपियन युनियनची इरॅस्मस मुंडस नावाची स्कीम २००४ पासून चालू आहे, त्यात वेगवेगळ्या देशांतल्या युनिव्हर्सिट्या एकत्र येऊन एकच मास्टर्स चालवतात, तुम्ही एकदाच ॲडमिशन घ्यायची आणि मग सेमिस्टरगणिक देश बदलायचा. तुम्ही जिथे राहता तो देश सोडून निदान दोन देशांत शिकायलाच लागतं. दोन वर्षांचे १२० क्रेडिट, सेमिस्टरला ३०. माझा कोर्स ग्लोडेप, म्हणजे डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सकडे झुकलेला, पहिलं सेमिस्टर चेकियात ओलोमोउत्सला, दुसरं फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला, तिसरं इटलीत पावियाला आणि चौथं थिसिस आणि इंटर्नशिपचं. ही तिन्ही नावं मी फॉर्म भरेपर्यंत ऐकलीसुद्धा नव्हती. पॅरिस-प्राग-मिलान नाही म्हणून नाक मुरडू नका, छोट्या गावात भाडं कमी असतं आणि प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखतो. ओलोमोउत्सची युनिव्हर्सिटी १५७३ची, पावियाची तर १३६१ची, आणि क्लेरमाँला सेर्दी नावाचं डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सचं सेंटर १९७६ पासून आहे, आफ्रिकेतल्या देशांच्या कर आणि मदतीवर काम करायचं असेल तर तिथली माणसं गाठा.

कोर्स निवडताना देश बघू नका, गणित बघा. क्यूईएम नावाचा एक आहे, पॅरिस, बार्सिलोना, व्हेनिस, बिलेफेल्ड अशा ठिकाणचा, तो ऐकायला भारी वाटतो पण त्याच्या नावातच क्वांटिटेटिव्ह आहे, तिथे ज्याचं बीएससी मॅथ्स किंवा स्टॅटिस्टिक्स झालंय त्याने जावं. एपॉग हा धोरणवाला, त्यात केन्सच्या वळणाची आणि मुख्य प्रवाहाबाहेरची बरीच मंडळी भेटतात, ज्यांना मार्केट सगळं सोडवतं हे पटत नाही त्यांना तिथे करमेल. आफेपा हा शेती आणि पर्यावरणाच्या धोरणाचा, उप्सला, बॉन, लूव्हाँ-ला-नव्ह आणि पियाचेन्झा असा, आणि खरं सांगू का, महाराष्ट्रातल्या ॲग्रीच्या पोरापोरींनी याच्याकडे जेवढं बघायला हवं तेवढं ते बघत नाहीत, सगळे एमबीएच्या मागे. पूर्ण यादी इरॅस्मस मुंडसच्या कॅटलॉगमध्ये असते, तिथून प्रत्येक कोर्सच्या साइटवर जाऊन सिलॅबस उघडा, नुसतं होमपेज बघून हुरळू नका.

स्कॉलरशिप महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, आणि फी माफ, इन्शुरन्सही कोर्सकडून. पण विमानाचं तिकीट, व्हिसा, घराचं डिपॉझिट यासाठी वेगळे पैसे मिळत नाहीत, ते त्या १,४०० मध्येच बसवायचं. किती कोर्सना अर्ज करायचा याला आता मर्यादा नाही, म्हणून काहीजण दहा-दहा ठिकाणी एकच पत्र नाव बदलून पाठवतात आणि मग कुठूनच येत नाही. तीन-चार नीट करा. दुसरं म्हणजे एका देशाच्या विद्यार्थ्यांना एकूण स्कॉलरशिपच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नयेत असा नियम आहे, भागवार काही जादा जागा असतात त्या सोडून. म्हणजे तुमची स्पर्धा अख्ख्या जगाशी नाहीच, ती बाकीच्या भारतीयांशी आहे, आणि भारतातून अर्ज ढिगाने येतात. रिझर्व्ह लिस्टमध्ये नाव आलं तर लगेच हिरमुसू नका, वरचे लोक सोडून जातात, माझ्या बॅचमधल्या एकीला जुलैमध्ये मेल आली आणि तिने तीन आठवड्यांत बिऱ्हाड बांधलं. स्कॉलरशिपशिवाय नुसती ॲडमिशन मिळाली तर मात्र कॅल्क्युलेटर घेऊन बसा, तीन वेळा घर बदलायचा खर्च धरा आणि मगच कर्ज काढायचं का ते ठरवा. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीत युनिव्हर्सिटीच्या रँकिंगची अट असते आणि तीन युनिव्हर्सिट्यांच्या डिग्रीत रँकिंग कुणाचं धरायचं हा प्रश्न येतो, तेव्हा कोर्सच्या कोऑर्डिनेटरकडून लेखी पत्र घेऊन आधीच विचारा.

अर्जाच्या तारखा बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीत संपतात, म्हणून काम गणपती उठले की सुरू करा. शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज करता येतो, डिग्री नंतर दाखवायची.

पहिलं काम ट्रान्सक्रिप्ट. आपल्याकडे हे दोन आठवड्यांत होतं असं कुणी सांगितलं तर चार धरा, कॉलेजच्या क्लार्कशी गोड बोला, आणि एकदम पाच-सहा सीलबंद प्रती मागून ठेवा. पर्सेंटेजचा प्रश्न वेगळाच, आपल्या युनिव्हर्सिटीत बीएला ६८ टक्के म्हणजे वर्गात पहिल्या पाचात असू शकतं पण तिकडे ६८ म्हणजे ठीकठाक वाटतं. म्हणून विभागप्रमुखांकडून एक साधं पत्र घ्या, वर्गात इतके विद्यार्थी, त्यात हिचा नंबर इतका. हे एक पानाचं पत्र आयईएलटीएसच्या अर्ध्या बँडपेक्षा जास्त कामाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

शिफारसपत्रं. आता सगळ्यांना माहितीय आपल्याकडे काय होतं, सर म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. मग पोरगं दोन्ही पत्रं स्वतःच लिहितं आणि दोन्हीत हार्डवर्किंग आणि सिन्सिअर. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. सरांना वेळ नसेल तर त्यांना मुद्दे द्या, तुमचा प्रोजेक्ट कोणता, त्यात डेटा कुठला, कुठे अडलात, आणि त्यांना त्यांच्या शब्दांत दहा ओळी लिहू द्या, तुटक्या इंग्रजीत असल्या तरी चालतील. शिवाय बऱ्याच कोर्सना पत्र सरांच्या कॉलेजच्या ईमेलवरूनच लागतं, आणि आपले अर्धे सर अजून पर्सनल मेलवर आहेत, तेव्हा हे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळायला नको.

मोटिव्हेशन लेटर. इथे मी जरा थांबणार, कारण सगळ्यात जास्त लोक इथे माती खातात. मी पहिला ड्राफ्ट लिहिला त्यात ग्लोबलायझेशन, गरिबी, मला जग बदलायचंय, सगळं होतं. माझ्या एका सिनियरने तो वाचून विचारलं, तू कुठली? मी म्हटलं निफाड. तो म्हणाला मग यात कांदा कुठाय?

कांदाच घातला मग, आमच्या आजूबाजूला निर्यातबंदी लागली की काय होतं ते. आज लिहायला बसले तर २०२३चं उदाहरण घेईन. ऑगस्टमध्ये सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरमध्ये थेट बंदी आणली, मग मे २०२४ मध्ये बंदी उठवली पण शुल्क आणि किमान निर्यात किंमत ठेवली. लासलगावला भाव पडला म्हणून शेतकरी रस्त्यावर आला हे बातमीत येतं. इकॉनॉमिक्सवाल्याने पुढचं विचारायचं, भाव बंदीमुळे पडला की त्याच वेळी लेट खरीप बाजारात आल्यामुळे, आणि हे वेगळं कसं करणार. ज्या पिकाला बंदी नव्हती त्याचे भाव त्याच बाजारांत कसे हलले ते बघायचं आणि दोन्हींची आधी-नंतरची तुलना करायची, डिफरन्स-इन-डिफरन्स म्हणतात ते हेच. भाव रोजच्या रोज एगमार्कनेटवर फुकट मिळतात. एवढं तीन परिच्छेदांत लिहा, मग हे नीट करायला मला कोणती मेथड येत नाही ते लिहा, मग तुमच्या कोर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरमधल्या अमुक विषयात ती शिकवतात म्हणून मी येतेय असं लिहा. झालं पत्र. तुमच्याकडे कांदा नसेल तर कापूस असेल, मासळी असेल, इचलकरंजीचा लूम असेल, म्हापशाच्या बाजारातली मिरची असेल. जे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय त्याच्याबद्दल प्रश्न विचारा. आणि तुम्हाला जे येत नाही ते लिहायला लाजू नका, सगळंच येत असेल तर शिकायला कशाला जाताय.

गणिताचं. मी बीए इकॉनॉमिक्सवाली, अकरावीपासून गणित सोडलेलं, आणि पहिल्या आठवड्यात फळ्यावर मॅट्रिक्स बघून मला दरदरून घाम फुटला, बाहेर थंडी असून. जायच्या आधीचा उन्हाळा यालाच द्या. डेरिव्हेटिव्ह, लग्रांज, मॅट्रिक्सचा इन्व्हर्स, एक्स्पेक्टेशन आणि व्हेरियन्स, हायपोथिसिस टेस्ट, आणि साधं ओएलएस (आकड्यांमधून सरळ रेघ बसवायची पद्धत) कागदावर स्वतः काढता आलं पाहिजे, पाठ नाही, काढता. स्वयम् आणि एनपीटीईएलवर हे सगळं फुकट आहे. सॉफ्टवेअर म्हणाल तर क्लासमध्ये स्टाटा भरपूर वापरतात, पण त्याचं लायसन्स त्या त्या युनिव्हर्सिटीचं असतं आणि देश सोडला की गेलं, म्हणून आर शिका, ते फुकट आहे आणि तुमच्याबरोबर येतं. फिरत्या डिग्रीत जे बरोबर येतं तेच तुमचं.

आता कागद. पासपोर्टवरचं नाव, मार्कशीटवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव ही आपल्याकडे तीन वेगळी माणसं असतात, मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये तुमचं आणि वडिलांचं. युरोपातल्या क्लार्कला वडिलांचं नाव हे तुमचंच दुसरं नाव वाटतं. हसू नका, याचे परिणाम होतात. इटलीत कोडिचे फिस्काले नावाचा टॅक्स कोड लागतो, सिमपासून भाडेकरारापर्यंत सगळीकडे, आणि तो नावातल्या व्यंजनांवरून बनतो. नाव नुसतं स्नेहा दिलं तर नावाच्या वाट्याची तीन अक्षरं एसएनएच येतील, स्नेहा रमेश दिलं तर चार किंवा त्याहून जास्त व्यंजनं झाल्यामुळे पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात आणि येतं एसएचआर. म्हणजे दोन कोड, दोन बायका. उपाय एकच, पासपोर्टवर जसं आहे तसंच अक्षर न अक्षर सगळीकडे लिहायचं, अगदी बसच्या पासवरसुद्धा, आणि मार्कशीटचं नाव वेगळं असेल तर दोन्ही एकाच व्यक्तीची असल्याचं ॲफिडेव्हिट घरूनच करून न्यायचं. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजीतला काढून घ्या. डिग्रीला अपॉस्टिल लागतो, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का, आधी राज्याचं अटेस्टेशन मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि हे तिकडे बसून कुरिअरने करवणं म्हणजे आईवडिलांना मंत्रालयाच्या चकरा. पोलीस क्लिअरन्सही पासपोर्ट सेवा केंद्रातून काढून ठेवा. सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, फाइलचं नाव इंग्रजीत.

व्हिसाची साखळी हा या डिग्रीचा खरा पाचवा विषय. घरून फक्त पहिल्या देशाचा व्हिसा मिळतो, पुढचे दोन परदेशात बसून. युरोपियन युनियनचा २०१६/८०१ नावाचा एक डायरेक्टिव्ह आहे, त्याप्रमाणे युनियनच्या प्रोग्रॅममध्ये असलेला विद्यार्थी पहिल्या देशाच्या परमिटवर दुसऱ्या देशात ३६० दिवसांपर्यंत शिकू शकतो, फक्त कळवावं लागतं. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. पण यात दोन मेख आहेत, एक म्हणजे पहिल्या देशाचं परमिट विद्यार्थी म्हणून असायला हवं आणि त्यावर प्रोग्रॅमचा उल्लेख असलेला बरा, आणि दुसरी, ते परमिट तुम्ही दुसऱ्या देशात असेपर्यंत जिवंत असायला हवं. पहिल्या देशाने सहाच महिन्यांचं दिलं तर डायरेक्टिव्ह घेऊन काय करणार. म्हणून पहिला अर्ज करतानाच अख्ख्या दोन वर्षांचं मोबिलिटीचं पत्र जोडा, कुठलं सेमिस्टर कुठे ते तारखांसकट. ज्या दिवशी नव्या गावात उतरलात त्याच आठवड्यात पुढच्या गावच्या कोऑर्डिनेटरला मेल टाका, मला काय काय लागेल. मी हे पहिल्यांदा दोन महिने उशिरा केलं आणि त्यानंतर एका शहरात मला अपॉइंटमेंटच मिळेना, शेवटी खिडकीवरच्या बाईंनी माझी फाइल बघून म्हटलं एक कागद कमी आहे, तो कागद मूळ भारतातून, झालं.

देशागणिक थोडं थोडं सांगते. चेकियात पोचल्यावर तीन वर्किंग डेजच्या आत नोंदणी करायची असते, होस्टेलवर राहिलात तर हे सोपं जातं. फ्रान्सचा लाँग स्टे व्हिसा असेल तर पोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा, पाच मिनिटांचं काम आहे आणि तरीही लोक विसरतात. इटलीत आठ वर्किंग डेजच्या आत पर्मेसोचा (तिथे राहायच्या परवान्याचा) अर्ज, तो पोस्टात मिळणाऱ्या किटमधून भरायचा आणि १६ युरोचं तिकीट लावायचं, मग पावती मिळते, आणि कार्ड यायला इतके महिने लागू शकतात की तोवर तुम्ही इटली सोडून निघालेलेसुद्धा असाल. ती पावती जीव की प्राण जपा, पण नुसत्या पावतीवर शेजारच्या देशात फिरायला जाणं धोक्याचं, स्वस्त तिकीट दिसलं म्हणून भुलू नका. रूटमध्ये जर्मनी असेल तर एपीएस सर्टिफिकेट (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) बघा, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना जर्मन स्टुडंट व्हिसासाठी लागतं, फी १८,००० रुपये, कुणाला सूट आहे ती यादी त्यांच्याच साइटवर असते, आधी ती वाचा मग पैसे भरा.

घर. सहा महिन्यांसाठी कुणी खोली द्यायला राजी नसतं, म्हणून सर्वात चांगला मार्ग म्हणजे तुमच्या आधीची बॅच. ते ज्या महिन्यात खोली सोडतात त्याच महिन्यात तुम्ही येता. माझी पावियातली खोली कोलंबियाच्या एका मुलीकडून आली, तिला ती आर्मेनियाच्या एकाकडून, आणि खोलीबरोबर एक तवा, दोन उशा आणि सायकल अशी वारसाहक्काने चालत आलेली. फ्रान्समध्ये घरमालक गॅरेंटर मागतो आणि तुमचे बाबा निफाडला असून चालत नाही, तिथे विझाल नावाची सरकारी फुकट गॅरंटी आहे, ३० वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना मिळते, करार सही करायच्या आधी काढायची. इटलीत दोन-तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागतात, म्हणून ओलोमोउत्ससारख्या स्वस्त गावात असताना दर महिन्याला थोडे बाजूला टाका. खोलीत शिरल्या शिरल्या भिंती, गादी, नळ सगळ्याचे फोटो काढून मालकाला मेल करा. एका ठिकाणी माझे डिपॉझिटमधले पैसे जुन्याच डागासाठी कापले गेले, फोटो नव्हते, बसले गप्प.

पैसे. स्कॉलरशिपचा पहिला हप्ता तिथे जाऊन नोंदणी करून बँक खातं दिल्यावर येतो, म्हणजे पहिले एक-दोन महिने स्वतःच्या खिशातून, तेवढी तयारी ठेवा. चेकियात युरो चालत नाही, कोरुना, आणि स्टेशनवरच्या दुकानात पैसे बदलू नका. युरोचं एकच खातं उघडा आणि तेच तिन्ही देशांत वापरा, दुसऱ्या देशाचा आयबान (आंतरराष्ट्रीय खाते नंबर) आहे म्हणून नाकारणं नियमात बसत नाही, तरी कुणी कटकट केलीच तर शांतपणे सेपाचा, म्हणजे युरोतल्या बँक व्यवहारांचा, नियम दाखवा. आणि भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, निघायच्या आधी रोमिंगवर एसएमएस येतो का ते कस्टमर केअरला विचारून पक्कं करा. युरोपातलं सिम मात्र एकच पुरतं, २०१७ पासून युनियनमध्ये रोमिंगला जादा पैसे नाहीत, फार काळ दुसऱ्या देशात राहिलात की कंपनी कुरकुरते एवढंच.

बॅग. २३ किलोत दोन वर्षं बसत नाहीत, बसवूही नका, कारण तीच बॅग तुम्हाला फेब्रुवारीत बर्फात बसस्टँडपर्यंत ओढायचीय. छोटा कुकर न्या. गोडा मसाला, मेतकूट, पोहे न्या. पण साजूक तूप, पेढे, चीजबीज नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि ताजा कढीपत्ता, आंबाही तसाच अडतो. आईने प्रेमाने दिलेला तुपाचा डबा कस्टमच्या टेबलावर उघडला जाताना बघवत नाही. होस्टेलमध्ये फोडणी करताना खिडकी उघडी ठेवा, मोहरी तडतडली की स्मोक अलार्म वाजतो आणि अख्खा मजला रात्री दहाला पायजम्यावर खाली उभा राहतो, माझ्यामुळे दोनदा राहिलाय.

अभ्यासाकडे येते. प्रत्येक देशात मार्कांची भाषा वेगळी आणि हे कुणी नीट सांगत नाही. फ्रान्समध्ये २० पैकी, १० ला पास, १४ म्हणजे चांगले, १६ म्हणजे फारच चांगले, २० वगैरे विसरा. मला इकॉनोमेट्रिक्सला १४ मिळाले तेव्हा मी घरी फोन करून रडले, ७० टक्के म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं की ते वरच्या मार्कांपैकी होते. इटलीत ३० पैकी, १८ ला पास, आणि खूश झाले तर ३० ए लोदे, म्हणजे ३० आणि वर शाबासकी. जर्मनीत सगळं उलटं, १ सगळ्यात भारी आणि ४ ला काठावर पास. चेकियात ए, बी, सी. पण खरा फरक परीक्षेच्या पद्धतीत. इटलीत तोंडी परीक्षा असते, आपल्या वायव्हासारखी नाही की एक्स्टर्नल आले, समोसा खाल्ला आणि दोन प्रश्न विचारले. प्राध्यापक समोर कोरा कागद सरकवतो आणि म्हणतो चला, इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल (कारण आणि परिणाम वेगळे काढायची एक युक्ती) का लागतो ते मला पहिल्यापासून सांगा. पाठांतरवाले तिथे सपशेल आडवे होतात. याची तयारी एकच, मैत्रिणीला समोर बसवून मोठ्याने समजावणं, ती अकाउंटिंगवाली असली तर आणखी चांगलं.

नापास झालात तर काय हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही, तुम्ही विचारा. पहिल्या देशातला पेपर राहिला तर फेरपरीक्षेच्या वेळी तुम्ही दुसऱ्या देशात असता आणि त्याच आठवड्यात तिथलं प्रेझेंटेशन असतं. क्लेरमाँहून निघायचं तर टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान ट्रेन) नाही, पॅरिस-बेर्सीपर्यंतच साडेतीन तास, मग पुढे. म्हणून पहिल्या सेमिस्टरला प्रवास कमी करा. प्राग कुठे पळून जात नाही, ओलोमोउत्सहून ट्रेनने सव्वादोन तास आहे आणि चेकियात २६ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना तिकिटात ५० टक्के सूट आहे, जा एखाद्या रविवारी.

थिसिसचा प्रश्न पहिल्याच सेमिस्टरला धरा आणि तीन देश तोच फिरवा. प्रत्येक गावात नवीन विषय पकडणारे शेवटी चार अर्धवट पेपर घेऊन बसतात. मी कांदा धरला होता तो सोडला नाही. ओलोमोउत्सला त्याचं नुसतं वाचन केलं, क्लेरमाँला पॅनेल डेटा (त्याच त्या बाजारांचे वेगवेगळ्या वेळचे आकडे) शिकून त्यावर टर्म पेपर लिहिला, पावियात एका प्राध्यापकांनी सांगितलं की बंदीच्या आधी अफवेनेच भाव हलत असतील तर तुझी आधी-नंतरची रेघ चुकीच्या जागी आहे. तीन महिन्यांचं काम पाण्यात गेलं पण थिसिस त्या एका वाक्यावर उभा राहिला. ग्रॅव्हिटी मॉडेल, टिनबर्गेनने १९६२ मध्ये मांडलेलं, देश जितके मोठे तितका व्यापार जास्त आणि जितके लांब तितका कमी, ते तीन ठिकाणी तीन वेळा शिकवतील, कंटाळू नका, प्रत्येकाचा झिरो ट्रेडवरचा (ज्या दोन देशांत व्यापारच होत नाही त्यांचं काय करायचं यावरचा) राग वेगळा असतो आणि तो ऐकण्यासारखा असतो.

भाषा. कोर्स इंग्रजीत असला तरी खिडकीवरची बाई इंग्रजीत नसते. तिन्ही भाषा शिकायला जाऊ नका, कुठलीच येत नाही मग. जिथे इंटर्नशिप करायचीय ती एक निवडा आणि घरूनच सुरू करा, बाकी दोन्हींत नमस्कार, धन्यवाद, कागद, सही, उद्या.

आणि चौथं सेमिस्टर कुठे घालवायचं हे मन रमलं म्हणून ठरवू नका. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला थांबायचा हक्क त्या डायरेक्टिव्हप्रमाणे निदान नऊ महिने आहे, पण प्रत्येक देशाची मुदत वेगळी, जर्मनीत तिथल्या पदवीधरांना १८ महिने मिळतात. आणि तो अर्ज सहसा ज्या देशाचं परमिट त्यावेळी हातात आहे तिथेच होतो. माझ्या बॅचचा एकजण शेवटचे सहा महिने पैसे वाचतात म्हणून घरी येऊन थिसिस लिहीत बसला, आणि मग त्याच्याकडे डिग्री तीन देशांची होती पण परमिट एकाचंही नव्हतं. फ्रान्समध्ये इंटर्नशिप असेल तर युनिव्हर्सिटी, कंपनी आणि तुम्ही अशा तिघांचा कोंव्हांसियाँ नावाचा करार लागतो, दोन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर मानधन द्यावंच लागतं, ते मागायला लाजू नका.

घरच्यांशी फोनची एक वेळ ठरवून टाका, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे जातात आणि साडेचार होतो, त्या आठवड्यात आई हमखास काळजी करते.

शेवटचं, निघायच्या गडबडीत हे राहतंच राहतं. प्रत्येक गाव सोडताना त्या युनिव्हर्सिटीचं शिक्क्याचं ट्रान्सक्रिप्ट हातात घेऊनच निघा, मेलवर पाठवू म्हणाले तरी. होस्टेलची चावी दिल्याची पावती, नोंदणी रद्द केल्याचा कागद, विजेचं शेवटचं बिल, सगळं. मूळ डिप्लोमा यायला कित्येक महिने लागतात आणि तो कुठे पाठवायचा तो पत्ता मागतात, तेव्हा खोलीचा पत्ता देऊ नका, तिथे तोवर पुढच्या बॅचचं कुणीतरी तुमच्या तव्यावर ऑम्लेट करत असेल. गावाकडचा द्या, पिनकोड आणि बाबांचा मोबाइल नंबर टाकून.